सत्तावीस निऱ्या आणि वकिलाचा काळा कोट

मी, श्रीमती धोंडुबाई गणपतराव साळोखे, वय वर्षे शहात्तर, धंदा शिवणकाम, राहणार राजारामपुरी आठवी गल्ली, कोल्हापूर, माझ्या माघारी माझ्या वस्तूंची वाट कशी लावायची ते माझ्याच हाताने लिहून ठेवत आहे. सुईत दोरा ओवण्याइतकी नजर शाबूत आहे आणि डोकं त्याहून शाबूत आहे. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टर क्रांती कांबळे यांनी मला तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती झालेली नाही. एकदा जमिनीच्या कागदावर झाली होती, ती पुढे येईलच.

एका वकिलांनी मला चार पानांचा मसुदा करून दिला होता. त्या चार पानांत मी कुठे सापडले नाही, म्हणून तो बाजूला ठेवला आणि हिशेबाच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून घेतली. वाचणाऱ्याला यात राग दिसेल. खरं तर राग कमी आहे आणि किळस जास्त आहे. राग उतरतो, किळस उतरत नाही.

कलम १. माझी माणसं. माझे यजमान गणपतराव पाच वर्षांपूर्वी वारले. मला एकच मुलगा, विश्वजित. त्याची बायको प्रियदर्शनी. त्यांची एकच मुलगी तेजस्वी, वय वीस. या तिघांपलीकडे कोणी वारस म्हणून पुढे आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

कलम २. राहती जागा. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि गच्चीचा हक्क मी प्रियदर्शनी आणि विश्वजित या दोघांच्या नावे करते. नावं याच क्रमाने लावावीत. विश्वजितला हा क्रम खुपेल. खुपू दे. तिने त्या घरात पंचवीस वर्षं पाणी भरलं आहे, त्याने फक्त पाणी प्यायलं आहे.

कलम ३. कुरुंदवाडची जमीन. माझं माहेर कुरुंदवाड. वडिलांच्या जमिनीतला माझा हक्क मी भावाला सोडून दिला, तो खुशीने सोडला असं कागदावर लिहिलं आहे आणि ते खोटं आहे. सही झाल्यावर त्याने मला हिरवी साडी नेसवली. पहिल्याच धुण्यात तिचा रंग उतरला आणि माझ्या यजमानांचे तीन पांढरे शर्ट हिरवे झाले. ती साडी मी आजवर जपून ठेवली आहे. माझ्या मरणानंतर ती भावाच्या घरी पोचती करावी आणि सोबत निरोप द्यावा की रंग अजून जातोय. त्या जमिनीवर माझा काही दावा नाही.

कलम ४. दुकान आणि मशीन. खालचा शिवणकामाचा गाळा एकट्या प्रियदर्शनीचा. पायमशीनही तिचं. कात्री मात्र माझ्यासोबत जाळू नये, तीही तिलाच द्यावी. त्या कात्रीने कागद कापला तर मी परत येईन.

कलम ५. पोस्टातली ठेव तेजस्वीची. ती मोठी नाही. तिच्या बापाने तिला त्यावरून चिडवू नये.

कलम ६. चौकड्याचा पेहराव. मुळात हे सगळं मी या एका कलमासाठी लिहायला घेतलं. बाकीच्या कलमांवरून उद्या कोर्टात भांडलात तरी मला सोयरसुतक नाही.

माझे यजमान फौजेत बॅगपाइप वाजवायचे. एक्क्याण्णव साली नाईक म्हणून निवृत्त झाले आणि पाच माजी सैनिक गोळा करून त्यांनी बँड काढला. शाळांची संमेलनं, मिरवणुका, कधी कोणाचा सत्कार. बँडमास्तराच्या अंगावर पुरा औपचारिक पेहराव पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला. म्हणजे स्कॉटलंडच्या पद्धतीचा गुडघ्यापर्यंत येणारा चौकड्याचा किल्ट, त्यावर आखूड काळा कोट, कंबरेखाली लोंबणारी केसाळ कातडी पिशवी जिला स्पोरन म्हणतात, लोकरी लांब मोजे, मोज्यात खोचलेला सुरा आणि दोऱ्या बांधायचे बूट. विलायतेहून मागवायचा तर दोन वर्षांचं पेन्शन पुरलं नसतं. ते तोंड पाडून बसले. मी म्हणाले, करू की. त्या दोन शब्दांची किंमत मी तीस वर्षं मोजते आहे.

तेजस्वीला पुढेमागे असा पेहराव स्वतः जमवावा लागला तर तिला उपयोगी पडावं म्हणून कसा जमवला ते इथे लिहून ठेवते. पैसा कापडात घालायचा. बाकी सगळं फिरून, मागून आणि उसवून जमतं. कापड हलकं घेतलं की वर सोनं लावलंत तरी तो पोरांचा गॅदरिंगचा घागराच दिसतो.

कापड इचलकरंजीच्या एका म्हाताऱ्या हातमागवाल्याकडून विणून घेतलं. निव्वळ लोकर परवडत नव्हती, म्हणून उभं सूत कापसाचं आणि आडवं लोकरीचं घातलं. गडद हिरवा, निळा आणि मधून एक बारीक पिवळी रेघ. किल्टला आठ वार कापड लागतं. मी पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, अठ्ठेचाळीस इंचांचा ठेवला, चारच वार घेतलं, मधोमध उभं फाडलं आणि दोन तुकडे जोडून आठ वार केले. जोड निरीच्या पोटात लपवला. हातमागवाला म्हणाला, "वैनी, तुमी तर माझ्या पोटावर पाय दिलासा." तरी त्याने कापड मन लावून विणलं. पिवळी रेघ एका बोटानेही हललेली नाही.

कोट वकिलाचा. कोर्टाजवळ एक कारकून जुने काळे कोट विकायचा. त्यातला एक मी आणला, शेपूट कापली, छातीवर उघडा केला, बाह्या अरुंद केल्या. आतल्या खिशात कोणाच्यातरी खटल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी निघाली. बटणं हुपरीची. हुपरी गाव चांदीच्या कामाचं, पण आमची बटणं चांदीची नाहीत, जर्मन सिल्व्हरची आहेत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण यजमानांचं तेरावं झाल्यावर विश्वजितने त्यातलं एक बटण उसवून गुजरीत, सोनारांच्या पेठेत नेलं आणि कस लावून बघितला. सोनार हसला म्हणे. बापाच्या छातीवरचं बटण कसोटीवर घासणाऱ्या मुलाला जन्म दिला याची मला त्या दिवशी शिसारी आली. बटण मी परत लावलं. वरून तिसरं ते, त्यावर ओरखडा आहे.

स्पोरन आणि बूट जोतीराम सातपुते यांनी केले. त्यांच्या तीन पिढ्या चपला करतात, पण असली पिशवी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. फोटो उलटासुलटा करून म्हणाले, "वैनी, ह्ये काय हाय? बटवा हाय का शेपूट हाय?" पिशवीवर पांढरे लांब केस लागतात. ते मी जोतिबाच्या डोंगरावरच्या एका दुकानातून देवावर ढाळायची चवरी विकत घेऊन तिचे काढले. डोंगरावर दुकानातल्या वस्तूंवरसुद्धा गुलाल बसलेला असतो. सात वेळा धुतले तरी केसांवरची गुलाबी झाक गेली नाही. यजमान लोकांना सांगायचे की ही खास विलायती छटा आहे. बूट चालताना अजून करकरतात. जोतीराम म्हणतात, चामडं खरं असल्याची ती खूण आहे.

मोजे मी विणले. मोज्यातल्या सुऱ्याला पातंच नाही, नुसती शिंगाची मूठ आहे. पात्याचे पैसे वाचले आणि पोलिसांना उत्तर द्यायचंही वाचलं.

आता किल्टविषयी. सत्तावीस निऱ्या आहेत. प्रत्येक निरी अशी मोडायची की चौकडी पुन्हा जशीच्या तशी जुळली पाहिजे. यजमानांनी कागद, पट्टी, खडू घेऊन दोन दिवस गणित मांडलं आणि डोकं धरून बसले. मी नऊवारी नेसत मोठी झालेली बाई. मला निऱ्या शिकवायला कागद लागत नाही. आमच्या दोघांची कंबर तेव्हा एकच होती, चौतीस. म्हणून ते बँडच्या कामाला बाहेर गेले की मी किल्ट स्वतःच्याच कंबरेला लावून मापं बघायची. आणि तिथेच चूक झाली. बाई जशी नेसते तशी मी वरची पट्टी डावीकडे नेऊन बंद केली. पुरुषाचा किल्ट उजवीकडे बंद होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी स्वतः वीस वर्षं फौजेत काढून पाहिलं नव्हतं.

ते तो घालून माजी सैनिकांच्या मेळाव्याला गेले. तिथे एका निवृत्त मेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "साळोखे, मॅडमचा घालून आलास काय?" सगळे हसले. हे घरी आले, किल्ट न्हाणीतल्या बादलीत बुडवला आणि माझ्याशी बावीस दिवस बोलले नाहीत. त्या बावीस दिवसांत मी सगळ्या निऱ्या उसवल्या, कापड इस्त्री केलं आणि उलट्या दिशेने पुन्हा घातल्या. तेविसाव्या दिवशी त्यांनी तो घातला, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "आता बरा झालाय." पुढे सत्तावीस वर्षं जो विचारेल त्याला त्यांनी हेच सांगितलं, "पेहराव मी स्वतः तयार केला." एकदा तर वर्तमानपत्रातही तसं छापून आलं. मी ते कात्रण चौकटीत घालून भिंतीवर लावलं. माझ्या हातून घडलेली ती सगळ्यात नीच गोष्ट. खोटं ते बोलले, पण खिळा मी ठोकला.

ज्यांना कापडातलं कळतं त्यांनी किल्ट उजेडात धरून बघावा. प्रत्येक निरीला सुईच्या भोकांच्या दोन ओळी दिसतील. एक चुकीची आणि एक दुरुस्तीची. दोन्ही माझ्या.

कलम ७. पेहरावाची आजची स्थिती. यजमान गेल्यावर बँड मोडला. विश्वजित लग्नांचे सोहळे करून देण्याचा धंदा करतो. त्याच्या डोक्यात आलं की मंगल कार्यालयाच्या दारात हा पेहराव घातलेला माणूस उभा केला तर पाहुण्यांना भारी वाटेल. माणसाला वाजवता येत नाही. तो बँडातल्या एका मोडक्या पाइपची पिशवी काखेत धरून गाल फुगवतो आणि मागच्या पेटीतून सिनेमाचं गाणं लागतं. दोन लग्नसराया हे चाललंय. मी सांगून थकले.

तारीख सात एप्रिलला पेहराव घरी आला तेव्हा मी त्याची तपासणी केली ती अशी. किल्टच्या पुढच्या पट्टीवर तांबड्या रश्श्याचा तळहाताएवढा डाग, त्यावर तेलाचा तवंग वाळून कडक झालेला. मागच्या तीन निऱ्यांवर गुटख्याचे शिंतोडे. कोटाच्या काखेला अशी घाण की मला तोंडाला पदर लावावा लागला. उजव्या मोज्यात विडीचं थोटूक. स्पोरनमध्ये चघळलेली सुपारी, दात कोरायच्या तीन काड्या आणि कोणीतरी नाक पुसलेला कागदी रुमाल. सुऱ्याच्या मुठीने बाटल्यांची टोपणं काढलेली दिसतात, तिची कड उडाली आहे. हे सगळं मी चिमट्याने काढलं. त्या दिवशी मला भाकरी गेली नाही.

विश्वजितला दाखवलं तर म्हणाला, "आई, ड्राय क्लीनला टाकूया की. एवढं काय मनावर घेतीस?"

आता तेजस्वीविषयी. ती आजोबांकडून गच्चीवर वाजवायला शिकली. पाइप मेरठचा आहे, तो आजोबांनी जाताना तिलाच दिला, त्यावर कोणाची हरकत नाही. ती बारा वर्षांची असताना मीच तिला म्हटलं होतं की पोरीच्या जातीने गाल फुगवून वाजवू नये, तोंड बिघडतं. तिने ऐकलं नाही, हे माझं नशीब. पुण्यात मुलींचा एक पाइप बँड उभा राहतोय. पगारी काम आहे. त्यांची निवड येत्या सत्तावीस तारखेला आहे आणि अट अशी की पुऱ्या औपचारिक पेहरावात यायचं, पेहराव स्वतःचा पाहिजे. एवढा एक पेहराव तिच्या आयुष्याच्या आड उभा आहे, आणि तो तिच्याच घरातल्या कपाटात आहे. तिने बापाकडे मागितला. बाप म्हणाला, मेअखेरपर्यंत सगळ्या तारखा बुक आहेत.

सबब, वर लिहिलेला संपूर्ण पेहराव, एकही बटण न काढता, माझ्या मृत्यूनंतर माझी नात तेजस्वी हिला द्यावा. तिने तो फक्त वाजवताना घालावा. मी मरेपर्यंत तो कोणी भाड्याने देऊ नये. तिला कोणी डावीकडे बांध म्हणालं तर तिने ऐकू नये, बँडात सगळ्यांचा उजवीकडेच असतो.

(कलम सात इथवर अकरा एप्रिलला लिहून झालं. यापुढचं अठरा एप्रिलपासून जमेल तसं लिहीत आहे. मधल्या दिवसांत जे झालं ते मिळकतीशी संबंधित असल्यामुळे इथेच नोंदवते.)

मी लिहिलेलं विश्वजितने वाचलं. मी मशीनवर असताना त्याने वही उघडली. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "मग काय, आई? तू मेल्यावर देणार हाईस नव्हं? तोवर तर माझाच हाय की." तो हसत म्हणाला. वाईट बोलायचं त्याच्या मनात नव्हतं, एवढं मला कळतं. पण मी सही करण्याआधीच माझं मृत्युपत्र त्याच्या सोयीचं निघालं होतं. कागदावर मी तेजस्वीला माझ्या मरणाची वाट बघायला लावली होती. सत्तावीस तारखेच्या आत मी मेले तरच त्या पोरीचं काम होणार होतं. असलं कलम मी माझ्या हाताने लिहिलं, आणि लिहून वर समाधानाने चहा प्यायले.

सतरा तारखेला कपाट उघडलं तर पेहराव नव्हता. मी प्रियदर्शनीकडे पाहिलं. तिने पोळी तव्यावर टाकली, मान वर न करता कार्यालयाचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "बारा पस्तीसचा मुहूर्त हाय." एवढंच. मी पायात चपला घातल्या आणि रिक्षा केली.

कार्यालय शहराबाहेर आहे. दारात केळीचे खांब आणि खांबाशेजारी तो उभा. चाळिशीचा, सडपातळ, कपाळावर घाम. पाइपची पिशवी उजव्या काखेत, म्हणजे चुकीच्या. मागच्या पेटीतून गाणं वाजत होतं आणि तो गाल फुगवत होता, पण गाणं थांबलं तरी त्याचे गाल फुगलेलेच राहिले. आणि किल्ट त्याने मागचा पुढे करून घातला होता. सत्तावीसच्या सत्तावीस निऱ्या पोटावर. मी हसणार होते, पण माझीच जुनी चूक आठवली.

मला बघून तो वाकला. "या पावणं, या. आज्जी, आत पंगत बसल्या."

"ते काढ," मी म्हणाले.

"काय काढू?"

"अंगावरचं. सगळं. ते माझं हाय."

"अवो आज्जी, लगीन चाललंय. साहेबांनी सांगितलंय, वरात आत जाईस्तोवर हलायचं न्हाय."

"तुझा साहेब माझ्या पोटचा हाय. आणि निऱ्या पुढं घेऊन हुबा हाईस, कुणी सांगितलं तुला?"

त्याने खाली बघितलं, मग माझ्या लुगड्याकडे बघितलं. "निऱ्या पुढंच असत्यात की, आज्जी."

एवढ्यात विश्वजित आतून पळत आला. कानात फोनचं यंत्र, हातात कागद. "आई, घरी बोलू. लोकं बघाय लागल्यात."

"बघू देत की. बघायसाठीच हुबा केलाईस नव्हं?"

"आई, ह्याच्यावर घर चालतंय. तुझी बीपीची गोळी कुठनं येती वाटतंय तुला? तेजूची फी कुठनं आली?"

हे खरं आहे. ते मी इथे लिहिते, कारण मृत्युपत्रात एका बाजूचंच लिहिलं की ते सडतं. विश्वजित कष्ट करतो. त्याने दारू प्यायली नाही, बायकोवर हात टाकला नाही. फक्त घरातली कुठली गोष्ट विकायची नसते, हे त्याला कधी कळलं नाही. ते त्याला शिकवायचं काम माझं होतं आणि मी त्या वेळी निऱ्या मोडत बसले होते.

मी त्याला म्हणाले, "गोळी बंद कर. पेहराव दे."

मांडवातली बायकामाणसं दाराशी आली होती. कोणीतरी मोबाईल वर धरला. मग विश्वजितनेच त्या माणसाला खूण केली, आणि चेहरा असा केला, जसा लहानपणी इंजेक्शनला नेताना करायचा. मला त्या क्षणी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. घेतलं असतं तर पेहराव राहिला असता.

त्या माणसाचं नाव सम्राट. भांड्यांच्या खोलीत जाऊन त्याने सगळं काढलं आणि स्वतःची पँट घालून बाहेर आला. किल्टची घडी त्याने अशी नीट घातली होती की मला नवल वाटलं. दोन्ही हातांनी पुढे करत म्हणाला, "आज्जी, मला बी लय खाजवत हुतं. पर पोरानं फोटो बघितला तवा म्हनला, बाबा, तू राजा दिसतोयस." मी त्याला विचारलं की गुटखा तू थुंकलास का. तो म्हणाला, "न्हाय, आज्जी. मी माळकरी हाय. त्यो आदल्या सालचा माणूस." मी विश्वास ठेवला.

कलम ८. वरील सम्राट यांना माझ्या दुकानातल्या कपाटाच्या दुसऱ्या फळीवरचा राखी पँटपीस द्यावा. शिलाई मी जिवंत असताना करून देईन. माप घेतलं आहे. मेले तर प्रियदर्शनीने शिवावी.

कलम ९. कलम सातमधला, पेहराव माझ्या मृत्यूनंतर तेजस्वीला द्यावा असं सांगणारा परिच्छेद मी रद्द करते. त्यावर आडवी रेघ मारली आहे आणि रेघेशेजारी सही केली आहे, कोणी खाडाखोड म्हणू नये.

पेहराव मी घरी आणला. रिठ्याच्या पाण्यात दोन रात्री भिजवला, सावलीत वाळवला. रश्श्याचा डाग पूर्ण गेला नाही, पण पट्टीच्या आतल्या अंगाला घेता आला. कोटाचं अस्तर बदललं. किल्टच्या दोन्ही बाजूंचे कातडी पट्टे आत सरकवून तेजस्वीच्या कंबरेला केले. बुटात जोतीरामांनी जाड तळवा घातला. पैसे घेतले नाहीत, उलट मलाच बोलले, "तवाच सांगितलं हुतं, असलं चामडं भाड्यानं फिरवू नगासा." त्यांना मी सांगितलं की तेव्हा ऐकायला मी तिथे नव्हते, मी चौकट पुसत होते. त्यांना ते कळलं नाही.

एकवीस तारखेला मी तेजस्वीला गच्चीवर बोलावलं आणि सगळं अंगावर चढवून दिलं. ती आरसा मागत होती. आरसा दिला नाही. आधी तिला खाली बसून ऐकायला लावलं, की हे कुणी केलं, कसं केलं, कुठे चुकलं. बावीस दिवसांचंही सांगितलं. ती म्हणाली, "आज्जी, हे तू आजोबा असताना का न्हाय बोललीस?" मी म्हणाले, लाज वाटायची. ती म्हणाली, "त्यांची का तुझी?" मग ती रडायला लागली आणि मी तिला ओरडले, कोटावर पाणी पडतंय म्हणून.

सबब, सदर पेहराव तारीख एकवीस एप्रिल दोन हजार पंचवीसपासून तेजस्वी विश्वजित साळोखे हिच्या मालकीचा आहे. तो माझ्या मिळकतीत धरू नये. ती सत्तावीस तारखेला तो घालून पुण्याला जाऊन आली. एसटीत सगळे बघत होते म्हणाली. तिची निवड झाली की नाही ते अजून कळलेलं नाही आणि कळलं तरी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

कलम १०. माझ्या अंत्यविधीला विश्वजितने काहीही व्यवस्था करू नये. दारात कोणी उभा करू नये. फुलांची कमान नको, ध्वनिक्षेपक नको. तेजस्वीने वाजवायचं असेल तर वाजवावं, नसेल तर घरी जेवण करावं. भिंतीवरची चौकट मी परवा उतरवली आहे. कात्रण काढून फाडलं. चौकट चांगली आहे, प्रियदर्शनीने तिच्या आईचा फोटो लावावा.

कलम ११. विश्वजितसाठी. वरच्या खोल्यांतला तुझा वाटा कलम दोनमध्ये आहे, तो मी कमी केलेला नाही. गोळ्या मी सुरू ठेवल्या आहेत, तूच आणून देतोस, तेही मला माहीत आहे. तुझ्या बापाचं कौतुक जगाने केलं आणि ते ऐकत तू मोठा झालास, त्यामुळे कौतुक भाड्याने देता येतं असं तुला वाटलं. यात तुझी चूक आहे, आणि माझी तुझ्याहून आधीची आहे. रविवारी जेवायला घरी ये. मटण करणार आहे. हात धुऊन ये.

माझ्याकडे जे होतं त्यातलं कुणाला हवंहवंसं असं एकच होतं, ते मी देऊन टाकलं. आता माझ्या मरणाची या घरात कुणाला घाई असण्याचं कारण उरलेलं नाही.

वरील अकरा कलमं मी स्वतः लिहिली, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली. त्यांनीही माझ्या डोळ्यांदेखत केली. अंमलबजावणी प्रियदर्शनी विश्वजित साळोखे हिने करावी.

सही: धोंडुबाई गणपतराव साळोखे

साक्षीदार:
१. डॉ. क्रांती कांबळे, वैद्यकीय व्यवसाय, राजारामपुरी, कोल्हापूर
२. जोतीराम सातपुते, चप्पल कारागीर, कोल्हापूर

स्थळ: कोल्हापूर
दिनांक: २८ एप्रिल २०२५